बोटीचा गिअरबॉक्स गळतो तेव्हा: आधी कारण, मग सील

बडोद्याला समुद्र नाही. तरीही मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अधूनमधून टेम्पोतून बोटीचा गिअरबॉक्स उतरतो आणि त्याचे कोणाला फारसे नवल वाटत नाही. भरूचच्या खाली नर्मदेच्या मुखाकडे मासेमारीच्या होड्या आहेत, वर केवडियाच्या बाजूला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी आहेत, आणि लेथ, प्रेस, बेअरिंग व ऑइल सील हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर मिळेल असे ठिकाण या दोन्हींना जवळचे म्हणजे बडोदेच. (तसे पाहिले तर ओखा बंदरही एके काळी गायकवाडी मुलखातच होते, त्यामुळे बडोद्याचा समुद्राशी काहीच संबंध नाही असे म्हणणे जुन्या बडोदेकरांना रुचणार नाही.)

गिअरबॉक्स घेऊन येणाऱ्याची मागणी बहुधा ठरलेली असते: तेल गळते आहे, सील बदलून द्या. यातला पहिला भाग तक्रार आहे आणि तो खरा असतो. दुसरा भाग निदान आहे, आणि ते निदान अर्धवट असण्याची शक्यता मोठी असते. सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारे रबरी कडे, खराब झालेले असतेच. पण ते आपणहून खराब झाले, की दुसऱ्या कशाने त्याला खराब केले, हे पाहिल्याशिवाय नवे सील बसवले तर काही महिन्यांत तोच गिअरबॉक्स त्याच टेम्पोतून परत येतो. म्हणून या लेखात सील कसे बदलावे यापेक्षा गळतीचा उगम कसा शोधावा यालाच जास्त जागा दिली आहे.

हा गिअरबॉक्स काय करतो

ज्या बोटीचे इंजिन आत, तळाशी पक्के बसवलेले असते आणि ज्याचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बोटीच्या बुडातून बाहेर जाऊन पंखा फिरवतो, अशा बोटीत इंजिन आणि शाफ्ट यांच्या मध्ये गिअरबॉक्स असतो. मोटारीच्या गिअरबॉक्सासारखे त्यात चार-पाच वेग नसतात. पुढे, मागे आणि न्यूट्रल एवढ्या तीनच अवस्था असतात, आणि त्याबरोबर इंजिनाचे फेरे कमी करण्याचे काम असते. गुणोत्तर २:१ असेल तर इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असताना पंखा १२०० फेरे घेतो. मोठा पंखा सावकाश फिरला तर पाणी अधिक चांगले ढकलतो, हे त्यामागचे कारण.

जर्मन हर्थसारख्या छोट्या जुन्या गिअरबॉक्सांत क्लच यांत्रिक पद्धतीने दाबला जातो. बोर्ग वॉर्नरचा व्हेल्व्हेट ड्राइव्ह किंवा आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींत दिसणारे चिनी ऍडव्हान्स जातीचे गिअरबॉक्स हे हायड्रॉलिक असतात. म्हणजे त्यांच्यात स्वतःचा पंप असतो, तो तेलाला दाब देतो आणि त्या दाबाने क्लच पकडतो. हा फरक गळतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यांत्रिक गिअरबॉक्समध्ये तेल कमी झाले तर मुख्यतः वंगण कमी पडते; हायड्रॉलिकमध्ये तेल कमी झाले की पंप हवा ओढू लागतो, दाब पडतो, क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच स्वतःच जळतो. गिअर टाकल्यावर बोट क्षणभर थांबून मग हलू लागली, तर गळती खालच्या पाण्यावर दिसायच्या आधीच तिचा परिणाम दिसू लागला असे समजावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया शाफ्टातून पुढे येते, आणि बहुतेक बोटींत ती थेट गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर येते. सगळी बोट त्या एका बेअरिंगला ढकलून पुढे जात असते. ज्या जागी इतका जोर येतो त्याच जागी मागचे ऑइल सील बसलेले असते, त्यामुळे बेअरिंगमध्ये थोडा जरी खेळ आला तरी त्याची पहिली बातमी सील देते.

सील तेल कसे अडवते

ऑइल सील पाहिले तर ती एक साधी रबरी चकती वाटते. बाहेर धातूचे कडे, त्यावर रबर, आतल्या बाजूला एक धारदार ओठ, आणि त्या ओठाच्या मागे गुंडाळलेली केसासारखी बारीक स्प्रिंग. १९२९ साली जर्मनीत वॉल्टर सिमर याने फ्रॉयडेनबर्ग कंपनीत अशा सीलची घडण केली तेव्हा त्याचा ओठ चामड्याचा होता. पुढे कृत्रिम रबर आले आणि आज बहुतेक सील नायट्राइल रबराची असतात. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्याहून अधिक उष्णता असेल तर व्हायटॉन नावाने ओळखले जाणारे रबर वापरतात. ते महाग असते, पण तापलेल्या तेलात कडक होत नाही.

अनेकांची समजूत अशी असते की ओठ शाफ्टावर घट्ट दाबून बसतो आणि म्हणून तेल अडते. प्रत्यक्षात फिरत्या शाफ्टावर ओठ कोरडा घासत नाही. दोघांच्या मध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो आणि ओठ त्यावर तरंगतो. ओठाच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा नसतो, आणि त्याच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे तो थरातले तेल सतत आतल्या बाजूला परत ढकलत राहतो. म्हणजे चांगले सील हा एक अतिशय छोटा पंपच असतो. यावरून तीन गोष्टी आपोआप कळतात. सील उलटे बसवले तर ते तेल इमानेइतबारे बाहेर ढकलत राहील. सील कोरडे बसवून इंजिन चालू केले तर पहिल्या मिनिटातच ओठ भाजेल. आणि शाफ्टाचा पृष्ठभाग फार खडबडीत चालत नाही तसा आरशासारखा गुळगुळीतही चालत नाही, कारण मग तेलाचा थर टिकत नाही.

सीलला शाफ्टाभोवतीचे तेल सांभाळता येते. आतून येणारा हवेचा दाब सांभाळण्यासाठी ते बनवलेले नसते. गिअरबॉक्स गरम झाला की आतली हवा प्रसरण पावते आणि ती बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी टोपी असते. ही टोपी गंजाने, मिठाने किंवा रंगाने बुजली तर शिट्टी अडकलेल्या कुकरसारखी गत होते आणि दाब सगळ्यात कमजोर जागेतून, म्हणजे सीलच्या ओठाखालून, तेल बाहेर काढतो. रंगाने बुजलेला ब्रीदर ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्यांची डागडुजी होते, इंजिनाला हौसेने नवा रंग दिला जातो, आणि रंगाऱ्याचा ब्रश ब्रीदरवरूनही फिरतो. मग नव्या हंगामात ‘गेल्या वर्षी ठीक होते, यंदाच गळायला लागले’ अशी तक्रार येते. अशा वेळी सीलला हात लावण्याआधी ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवावा आणि फुंकर मारून पाहावी.

जादा तेल हेही असेच एक फुकटात दुरुस्त होणारे कारण आहे. तेलाची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की फिरणारे गिअर ते घुसळतात, फेस होतो, आणि फेस ब्रीदरमधून व सीलमधून बाहेर येतो. पातळी मोजण्याची पद्धत प्रत्येक गिअरबॉक्सची वेगळी आहे, आणि ती चुकली की तेल कमी किंवा जास्त होते. जुन्या हर्थमध्ये डिपस्टिक, म्हणजे पातळी पाहायची सळई, आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. ती पूर्ण आत फिरवून वाचली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि मग प्रत्यक्षात तेल कमी राहते. व्हेल्व्हेट ड्राइव्हमध्ये इंजिन चालवून, गरम करून, बंद केल्याबरोबर लगेच पाहायचे असते, कारण थोडा वेळ गेला की तेल थंड करणाऱ्या कूलरमधले आणि नळ्यांमधले तेल परत गिअरबॉक्समध्ये उतरते आणि पातळी वर गेलेली दिसते. पद्धत माहीत नसताना ‘थोडे कमी वाटते’ म्हणून दर फेरीला ओतत गेलेले तेल शेवटी कुठून तरी बाहेर येणारच.

उगम शोधणे

बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, एवढ्यावरून ते गिअरबॉक्सचेच आहे असे म्हणता येत नाही. बोटीत इंजिन बहुधा मागच्या बाजूला किंचित कलते बसवलेले असते, कारण शाफ्ट तिरका खाली पाण्यात जायचा असतो. त्यामुळे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून, तेलाच्या फिल्टरमधून किंवा दाबाच्या स्विचमधून झिरपलेले तेलही ओघळत मागे येते आणि गिअरबॉक्सच्या खालून थेंब थेंब पडते. गळतीचा ठिपका नेहमी खाली आणि मागे सापडतो. उगम वर आणि पुढे असतो.

पहिली परीक्षा पांढऱ्या कागदाची. पडणारा थेंब टिपकागदावर किंवा साध्या पांढऱ्या कागदावर घ्यावा. अनेक गिअरबॉक्सांत एटीएफ, म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्सांचे तेल, वापरतात आणि त्याला ओळखू यावे म्हणून लाल रंग दिलेला असतो. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. हिरवा किंवा निळसर पातळ थेंब असेल तर तो इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातला कूलंट. लाल तेल जुने झाले की तपकिरी होते आणि जळाले की काळपट होऊन त्याला करपलेला वास येतो, म्हणून रंगाबरोबर वासही घ्यावा आणि बोटांच्या चिमटीत धरून दाटपणा पाहावा. ऍडव्हान्स जातीच्या अनेक गिअरबॉक्सांत मात्र इंजिनाचेच एसएई ३० किंवा ४० तेल चालते. तिथे दोन्ही तेले एकाच डब्यातली असल्याने रंगाने काही कळत नाही. अशा वेळी अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो तो फक्त गिअरबॉक्सच्या तेलात घालावा, बोट थोडी चालवावी आणि अतिनील टॉर्चने पाहावे. चमकले तर गिअरबॉक्सचे, नाही चमकले तर इंजिनाचे, वाद संपतो.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते बहुतेक जण टाळतात. गिअरबॉक्स आणि त्याच्या आजूबाजूचा भाग डिझेलने किंवा डीग्रीझरने पूर्ण धुवायचा, कापडाने पुसून कोरडा करायचा, आणि संशय असलेल्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. खाली कोरे कागद किंवा जुनी वर्तमानपत्रे अंथरायची. मग इंजिन आधी न्यूट्रलमध्ये, नंतर बोट घट्ट बांधून पुढच्या आणि मागच्या गिअरमध्ये चालवायचे आणि प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन बघायचे. हे करताना फिरत्या शाफ्टाजवळ सैल कपडा, गळ्यातला गमछा किंवा हातातला दोरा नको. पावडरीवर पहिली ओली रेघ जिथे उमटते तो उगम. मागच्या बाजूला, जिथे डोके जात नाही, तिथे छोटा आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा उपयोगी पडतो, आणि इंजिन बंद केल्यावर तिथे हातही फिरवून पाहावा. आमच्या वर्कशॉपमधले ज्येष्ठ फिटर काका नव्या मुलाला नेहमी सांगतात, “अरे, नुसतं बघू नकोस, हाताचं बोट फिरवून बघ, तेल डोळ्यांआधी बोटाला लागतं.”

गळती कधी होते हीसुद्धा माहितीच आहे. रात्रभर बोट उभी असताना गिअरबॉक्सखाली तेल दिसत असेल तर पातळीच्या खालची जागा, म्हणजे तळाचा प्लग, गॅस्केट किंवा ओठ कडक झालेले सील, संशयित. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर दाबाच्या नळ्या, कूलरची जोडणी, झिजलेले बेअरिंग किंवा बुजलेला ब्रीदर यांकडे पाहावे. फक्त गिअर बदलताना एखादी पिचकारी दिसली तर गिअरच्या दांड्याच्या छोट्या सीलपासून सुरुवात करावी. ते सील स्वस्त असते आणि बहुधा गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या घराच्या तळाशी एक छोटे भोक असते. त्यातून तेल येत असेल तर दोनच शक्यता: गिअरबॉक्सचे पुढचे सील किंवा इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे मागचे सील. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून इथे माझे मत स्पष्ट आहे: एकदा उतरवला की दोन्ही सील बदलून टाकावीत. सीलच्या किमतीपेक्षा उतरवण्या-चढवण्याची मजुरी कितीतरी जास्त पडते.

जी गळती दिसतच नाही

तेलाची पातळी दर आठवड्याला उतरते, पण खाली कागद कोरडाच राहतो, अशी अवस्था सगळ्यात धोक्याची. अशा वेळी कूलर तपासावा. गिअरबॉक्सचे तेल थंड करण्यासाठी ते एका नळकांड्यातून फिरवतात आणि त्याच नळकांड्यातल्या बारीक नळ्यांतून समुद्राचे पाणी जाते. खाऱ्या पाण्याने आतली एखादी नळी कुरतडली गेली की चालू इंजिनात तेलाचा दाब जास्त असल्याने तेल पाण्यात जाते आणि एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर समुद्रात पडते. बोटीच्या मागे इंद्रधनुषी तवंग दिसतो तो हाच. इंजिन बंद झाले की दाब नाहीसा होतो आणि पाणी उलट तेलात शिरते. मग डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ, फेसाळ पदार्थ येतो. तसे दिसले तर त्या तेलावर बोट एक फेरीही चालवू नये, कारण खारे पाणी क्लचच्या चकत्या, बेअरिंग आणि गिअर सगळ्यांनाच एकदम खाते. कूलर बदलून, तेल काढून, नवे तेल भरून, थोडे चालवून पुन्हा काढावे, आणि दुधाळपणा जाईपर्यंत हे करत राहावे.

कूलर तपासणे अवघड नाही. दोन्ही बाजूंच्या नळ्या काढाव्यात, तेलाच्या बाजूचे एक तोंड बंद करून दुसऱ्यातून बेताची हवा द्यावी आणि कूलर पाण्याच्या बादलीत बुडवावा. पाण्याच्या बाजूने बुडबुडे आले तर निकाल लागला. ज्या कूलरमध्ये जस्ताची काडी बसवायची सोय असते तिथे ती काडी वेळेवर बदलली तर नळ्यांचे आयुष्य वाढते, कारण गंज आधी जस्ताला खातो. हे काम वीस-पंचवीस मिनिटांचे आहे आणि तेच सगळ्यात जास्त विसरले जाते.

मागचे सील बदलताना

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची तार काढावी, म्हणजे कोणी चुकून इंजिन चालू करणार नाही. त्यानंतरची खबरदारी पाण्यावर असलेल्या बोटीसाठी फार मोठी आहे: कपलिंगचे, म्हणजे शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या दोन चकत्यांचे, बोल्ट काढले की पंख्याचा शाफ्ट मोकळा होतो, आणि तो मागे सरकून सुकाणूला अडकू शकतो किंवा शाफ्टनळीतून निसटू शकतो. निसटला तर त्या भोकातून पाणी आत येते आणि बोट बुडते. म्हणून बोल्ट सैल करण्याआधीच शाफ्टावर मजबूत क्लॅम्प आवळून ठेवावा आणि भोकाच्या मापाची लाकडी खुंटी हाताशी ठेवावी.

शाफ्ट मागे सरकवला की कपलिंगची गिअरबॉक्सकडची चकती, म्हणजे फ्लँज, दिसते. तिच्या मधोमध एक मोठा नट असतो. काही गिअरबॉक्सांत हाच नट आतल्या निमुळत्या बेअरिंगवरचा ताण ठरवतो, तेव्हा काढण्याआधी नट आणि शाफ्ट यांवर पंचने खूण करून घ्यावी आणि परत बसवताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानेच आवळावा. अंदाजाने लांब पाइप लावून आवळलेला नट बेअरिंग जाळतो. सैल राहिलेला नट फ्लँज हलू देतो.

फ्लँज पुलरने ओढून काढावी, हातोडीने ठोकू नये. बाहेर आल्यावर तिचा जो भाग सीलमध्ये फिरतो तो कापडाने स्वच्छ पुसून उजेडात तिरका धरावा. एक गोल खाच दिसते का पाहावे. नखाची कड त्यात अडकली तर नवे सीलही तिथे टिकणार नाही. यावर तीन उपाय आहेत. नवे सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवता येत असेल तर ओठ खाचेऐवजी कोऱ्या जागेवर येतो. यात खर्च काहीच नाही. तसे जमत नसेल तर एसकेएफची स्पीडी स्लीव्ह मिळते. ती सुमारे ०.२८ मिलिमीटर जाडीची पातळ स्टेनलेस बाही असते आणि तिच्यामुळे सीलचे मापही बदलावे लागत नाही. तिसरा उपाय लेथवर फ्लँज भरून पुन्हा मापात आणण्याचा; तो मकरपुऱ्यात सहज होतो, पण शेवटचा पृष्ठभाग घासकामाने सारखा केला नाही तर लेथच्या हत्याराच्या सर्पिल रेघा तेल बाहेर वाहून नेतात. स्लीव्ह मिळत असेल तर मी तीच निवडेन.

गंजाचे खड्डे असतील तर ते कुठून आले तेही पाहावे. बोटीच्या बुडातून शाफ्ट बाहेर जातो तिथला पाणी अडवणारा ग्लँड जास्त गळत असेल तर फिरता शाफ्ट ते खारे पाणी फवाऱ्यासारखे कपलिंगवर उडवतो. त्यातच तळातले पाणी कपलिंगला लागेपर्यंत चढू दिले असेल तर आणखी एक गोष्ट घडते: गिअरबॉक्स थंड होताना आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असेल तर ओठाखालून पाणी आत ओढले जाते. अशा ठिकाणी ग्लँडचे पॅकिंग न बदलता सील बदलणे व्यर्थ आहे.

जुने सील काढताना त्यावरचे अंक वाचून घ्यावेत. ५०-७२-१० असे लिहिले असेल तर आतला व्यास ५०, बाहेरचा ७२ आणि जाडी १० मिलिमीटर. अंक पुसले गेले असतील तर सीलच्या घराचे आणि फ्लँजचे माप व्हर्नियरने घ्यावे. खराब झालेल्या रबराचे माप घेऊन दुकानात जाऊ नये. नव्या सीलचा स्प्रिंगवाला ओठ तेलाच्या बाजूला असावा. ओठाला तेच तेल लावावे, बाहेरच्या कड्याला सीलंटचा अगदी पातळ थर पुरतो. बसवताना सीलच्या बाहेरच्या कड्यावरच टेकणारी चकती किंवा जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे ठेवून सरळ, समान दाबावे. एका बाजूने ठोकलेले सील तिरके बसते आणि पहिल्याच दिवशी गळते.

इथे एक जागा अशी आहे की जिच्याकडे अनुभवी माणसाचेही दुर्लक्ष होते. फ्लँज गिअरबॉक्सच्या शाफ्टावर उभ्या दात्यांनी, म्हणजे स्प्लाइनने बसते, आणि या दात्यांच्या खोबणीतून तेल सरळ मागे जाऊ शकते. भरूचकडून आलेल्या एका गिअरबॉक्सवर दुसऱ्या एका मेकॅनिकने सील एकामागून एक बदलली होती. फ्लँज काढली तेव्हा सील कोरडे, स्वच्छ आणि नवेकोरे होते, आणि मधल्या नटाभोवती लाल तेलाचे गोल कडे होते. स्प्लाइनच्या प्रत्येक खोबणीत तेल चमकत होते. ते तेल नटाखालून बाहेर येऊन फ्लँजच्या तोंडावरून फेकले जाई आणि सगळीकडे पसरून सीलच गळते असे भासवी. उपाय एवढाच होता की स्प्लाइन पूर्ण कोरडे करून त्यांवर न घट्ट होणारा सीलंट लावायचा, नटाखालचा वॉशर आणि असल्यास ओ-रिंग नवी घालायची. व्हेल्व्हेट ड्राइव्हवर ही गळती नेहमीची आहे.

सील बदलण्याऐवजी तेलात घालायचे गळतीरोधक रसायन बाजारात मिळते. ते रबर फुगवून काही दिवस काम चालवते. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गिअरबॉक्समध्ये ते मी वापरत नाही, कारण तेलाचे घर्षणगुण बदलले की क्लचची पकड बदलते, आणि सील वाचवताना क्लच जाण्याचा सौदा परवडत नाही.

जोडणी आणि चाचणी

मागचे सील वारंवार जात असेल तर शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत असा संशय घ्यावा. दोन्ही फ्लँज बोल्ट न लावता एकमेकांना टेकवाव्यात आणि मधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून चार बाजूंनी मोजावे. फ्लँजच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक नसावा, असा रूढ नियम आहे. चार इंचांच्या फ्लँजला तो फरक सुमारे ०.१ मिलिमीटर होतो. नंतर इंजिनाच्या पायांखालच्या माउंटचे नट थोडे थोडे फिरवून फट सारखी करावी. माउंटचे रबर दबून बसले असेल तर ते आधी बदलावे. हे मोजमाप बोट जमिनीवर असताना घेतले तर फुकट जाते, कारण लाकडी किंवा फायबरची बोट पाण्यात उतरल्यावर थोडी वाकते. पाण्यात उतरवून एक-दोन दिवस होऊ द्यावेत आणि मग मोजावे.

बोट कधी ओढत आणावी लागली असेल तर तेही मेकॅनिकला सांगावे. इंजिन बंद असताना ओढल्या जाणाऱ्या बोटीचा पंखा पाण्याने फिरत राहतो, आणि ज्या हायड्रॉलिक गिअरबॉक्सचा पंप इंजिनाकडून चालतो त्याच्या मागच्या भागाला तेव्हा वंगण मिळत नाही. शाफ्ट बांधून ठेवावा की नाही हे त्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते.

सगळे जोडून तेल भरल्यावर इंजिन सावकाश चालवून कूलर आणि नळ्या भरू द्याव्यात, पातळी पुन्हा पाहावी, आणि मग गिअरबॉक्सखाली कोरडा पांढरा कागद ठेवून बोट तासभर ओझ्याखाली चालवावी. थेंब मोजण्याची सवय उपयोगी आहे: साधारण २० थेंबांचा १ मिलिलीटर धरला, तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलीटर, आणि अर्धा लिटर तेल मावणारा छोटा गिअरबॉक्स आठवड्याभरात रिकामा. नवे सील पहिल्या काही तासांत किंचित ओलसर राहिले तर घाबरू नये; थेंब तयार होऊन पडू लागला तर मात्र पुन्हा उघडावे लागेल. पहिल्या मोठ्या फेरीनंतर कपलिंगचे बोल्ट आणि रेषा दोन्ही परत तपासावेत. तळात पडलेले तेल शोषक कापडाने किंवा लाकडाच्या भुशाने आधी टिपून घ्यावे, मगच पाणी उपसणारा पंप चालू करावा. काढलेले तेल कॅनमध्ये भरून वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारक व्यापाऱ्याकडे द्यावे. आणि सीलचे माप, तेलाची जात व नट आवळण्याचे माप (टॉर्क) या तिन्ही नोंदी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवाव्यात.